टाळी एका हातानेही वाजते

ती. ताईस,


काल फोनवर बोलताना छोटू शेजारीच होता, म्हणून मोकळेपणाने बोलता आलं नाही.

शाळेच्या व्हॅनमधली सातवीची मुलं त्याचा डबा हिसकावतात, ‘जाड्या’ म्हणून चिडवतात, हे त्याने स्वतःहून तुला सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळ मुलं सांगतच नाहीत. सकाळी पोट दुखतं म्हणतात आणि आपण ओवा देत बसतो. आता त्याची उलटतपासणी नको. ‘यात तुझी चूक नाही’ एवढं मात्र त्याच्या कानावर पडत राहू दे.

भाऊजी म्हणतात, ‘एक ठेवून दे.’ त्यांचा संताप मला कळतो. पण चौथीतलं पोर सातवीतल्या तिघांना काय ठेवून देणार? मार खाईल, वर शाळेत दोषीही ठरेल. आणि ‘लक्ष देऊ नकोस’ हेही सांगू नका. मुलाला त्यातून ‘सोस’ एवढंच ऐकू येतं.

त्याच्या वर्गाच्या बाईंचं ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे तर मला मुळीच मान्य नाही. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी जीव दिला, सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं आणि पुढच्याच वर्षी तिथे देशभर मोहीम सुरू झाली. तिच्याशी जोडलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची खूण सांगितली: तो मुद्दाम होतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. छोटूच्या बाबतीत तिन्ही गोष्टी आहेत. मग त्यांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणण्यात काय अर्थ? बाईंसमोर मिळवलेल्या हाताचं उट्टं व्हॅनमध्ये निघेल.

मला जास्त काळजी वाटते ती व्हॅनमधल्या बाकीच्यांची. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांनी नेमका अशाच बघ्या मुलांचा अभ्यास केला. बघणारे हसले की छळणाऱ्याला चेव येतो. ते पीडित मुलाच्या बाजूने उभे राहिले की छळ कमी होतो. म्हणून छोटूला सहज विचार, कोण हसत नाही? त्या मुलाला रविवारी घरी खेळायला बोलाव. व्हॅनवाल्या काकांना सांगून दोघांना पुढे, त्यांच्या शेजारी बसव. एक मित्र शेजारी असला की मुलाला केवढा धीर येतो, हे मी वर्गात नेहमी पाहते.

त्या मुलांच्या घरी भांडायला जाऊ नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: तारीख, काय घडलं, कुणी पाहिलं. पोच घ्या. शाळेत जाणार आहोत हे छोटूला आधी सांगा, त्याच्या पाठीमागे काही करू नका. शाळा हलली नाही तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

आई एकटी गेली की ‘तुम्ही फार काळजी करता’ म्हणून तिची बोळवण होते. तेव्हा हे पत्र भाऊजींना वाचायला दे आणि सोमवारी शाळेत दोघंही जा.

तुझी,
धाकटी