भिंतीवरची मुलं, गल्लीतली घरं

जॉर्ज टाउनच्या आर्मेनियन स्ट्रीटवर सकाळी लवकर पोचावं. उन्हं चढली की तिथं रांग लागते, आणि तीही एका जुन्या सायकलपाशी. सायकल खरी आहे, भिंतीला घट्ट बसवलेली. तिच्यावरची दोन मुलं मात्र रंगवलेली: पुढे हँडल धरलेली ताई, मागे तिला बिलगलेला धाकटा भाऊ. रांगेतला प्रत्येक जण पुढे होतो, सायकलमागे धावत असल्याचा आव आणतो, फोटो काढून घेतो आणि हातातल्या नकाशावर खूण करून पुढच्या चित्राकडे निघतो.

मलेशियाच्या पेनांग बेटावरच्या या शहराचा जुना भाग पायी सहज हिंडून होतो. २००८ मध्ये युनेस्कोनं त्याला मलाक्कासह जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. २०१२ च्या जॉर्ज टाउन महोत्सवात अर्नेस्ट झाकारेविच या लिथुआनियन तरुणानं इथल्या भिंतींवर मुलं रंगवली आणि शहराचं नाव जगभर झालं. त्याची युक्ती साधी आहे: वस्तू खरी, माणूस चित्रातला. अह क्वी स्ट्रीटवर खऱ्याखुऱ्या मोटरसायकलवर रंगवलेला मुलगा बसलाय. कॅनन स्ट्रीटवर दुसरा एक खुर्चीवर चढून भिंतीतल्या झरोक्याकडे हात लांबवतोय. मुंत्री स्ट्रीटवर निळ्या कपड्यांतली मुलगी दोन खिडक्यांच्या छज्ज्यांवर हात टेकून अधांतरी तरंगते. बघताना हसू येतंच. पण दोन-तीन गल्ल्या हिंडल्यावर माझ्या लक्षात आलं, की भिंतींवर मुलं पुष्कळ दिसताहेत, दारांत मात्र एकही नाही.

या गल्ल्या कधी ओस नव्हत्या. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं इथं ठाणं मांडलं. रान लवकर तोडलं जावं म्हणून त्यानं तोफेत चांदीची नाणी भरून ती झाडीत उडवली, अशी दंतकथा गाईड हमखास सांगतात. बंदर करमुक्त होतं, त्यामुळे होक्कियन चिनी, तमिळ मुसलमान, सुमात्रातले आचेवाले, आर्मेनियन असे सगळेच व्यापाराला आले. घरं त्यांनी बांधली ती चिंचोळी आणि खोल: खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे उजेडासाठी चौक आणि पुढे पाच फुटी ओटा, म्हणजे पावसात न भिजता गल्लीच्या टोकापर्यंत जाता येतं.

आर्मेनियन स्ट्रीटवरच तुआ पेक काँग या चिनी गुप्तमंडळाचं ठाणं होतं. १८६७ मध्ये त्यांची घी हिन या दुसऱ्या मंडळाशी जुंपली, दोन्ही बाजूंना मलय गट मिळाले आणि दहा दिवस शहर पेटलं. शेजारच्या कॅनन स्ट्रीटचं नाव त्या दंगलीतल्या तोफगोळ्यानं पाडलेल्या भोकावरून पडलं, असं म्हणतात. याच आर्मेनियन स्ट्रीटवरच्या १२० क्रमांकाच्या घरात १९१० मध्ये चिनी नेते सुन यत-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेचं आग्नेय आशियातलं मुख्यालय होतं. त्याच वर्षी त्यांनी पेनांगात सुरू केलेलं ‘क्वाँग वा यित पो’ हे चिनी दैनिक आजही निघतं. सायकलपासून हे घर हाकेच्या अंतरावर आहे. मी गेलो तेव्हा तिथं रांग नव्हती.

मग इथली माणसं गेली कुठं? उत्तर मुंबईकराला चटकन कळेल. मलेशियाच्या १९६६ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १९४८ पूर्वीच्या घरांची भाडी गोठवली होती. मुंबईत १९४७ च्या कायद्यानं चाळींचं जे झालं, तेच इथं झालं: भाडेकरू पिढ्यान् पिढ्या राहिले, मालकानं डागडुजी सोडली, घरं जीर्ण झाली पण गल्ली जिवंत राहिली. कायदा रद्द झाला आणि १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी सुटली. शिंपी, सुतार, अगरबत्तीवाले, म्हातारी माणसं, यांतले कितीतरी जण दुसरीकडच्या उंच इमारतींत गेले. कित्येक रिकाम्या घरांत पाकोळ्या आल्या. आपणहून नव्हे, पाकोळ्यांच्या आवाजाच्या फिती लावून त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या लाळेच्या घरट्यांचं सूप चिनी श्रीमंतांत सोन्याच्या भावानं विकलं जातं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरून पाकोळ्यांची घरटी चोरीला जात, ती याच हव्यासापायी. माणसांच्या भाड्यापेक्षा पाखरांच्या थुंकीचं उत्पन्न जास्त, असा तो हिशेब. पुढे वारसा क्षेत्रातून ही पाखरघरं हटवावी लागली.

चित्रं आली ती या रिकामपणात. त्यांनी गल्लीत गर्दी आणली, पण तिच्यामागोमाग सायकली भाड्यानं देणारे, चुंबक आणि टीशर्ट विकणारे आणि कॉफीची दुकानं आली. ज्या गल्लीत पूर्वी भाडं परवडत नाही म्हणून बिऱ्हाड उठलं, तिथं आता चित्रामुळे ते आणखी चढतं. यात चित्रकाराचा दोष नाही. त्यानं मुलं रंगवली ती इथल्याच मुलांवरून.

मला जास्त आवडली ती लोखंडी व्यंगचित्रं. झाकारेविचच्या आधी, २००९ मध्ये राज्य सरकारनं शहराच्या खुणा दाखवण्यासाठी स्पर्धा घेतली. तिच्यातून सळया वाकवून केलेली ५२ रेखाचित्रं गल्लोगल्ली लागली. लव्ह लेनमध्ये एक नवरा चोरपावलांनी सटकतोय. पूर्वी श्रीमंत शेठ आपल्या अंगवस्त्रांना या गल्लीत ठेवत, असं सांगतात. एका ठिकाणी जिमी चू या नामवंत पादत्राणकारानं कुठे उमेदवारी केली ते नोंदलंय. सळईवर ओरखडाही उठत नाही आणि मजकूर गल्लीचाच. इथं थांबणारा निदान आपण कुठे उभे आहोत ते वाचून जातो.

रंगाचं तसं नाही. या भिंती विटा आणि चुन्याच्या. त्यांना श्वास घ्यावा लागतो. खालून ओल चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. वर आधुनिक रंगाचा पापुद्रा बसला की ती आतच कोंडते, क्षार फुगतात आणि चित्र पोपडे धरून गळायला लागतं. झाकारेविचची बरीच चित्रं काही वर्षांतच फिकी पडली. भिंत जपायची की चित्र, हा प्रश्न इथं दर पावसाळ्यात येतो.

संध्याकाळी चू जेटीवर गेलो. समुद्रात खांब रोवून त्यांवर उभी केलेली ही चिनी वस्ती. इथली घरं चू आडनावाच्या कुटुंबांची. अशा आणखीही जेट्या होत्या. त्यांपैकी दोन २००६ मध्ये घरबांधणीसाठी पाडल्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी युनेस्कोच्या नकाशावर सीमारेषा ओढली गेली आणि उरलेल्या वाचल्या. इथं फळ्यांच्या वाटेवर शाळेच्या गणवेशातली मुलं दिसली, दारात पाट्या दिसल्या: आत डोकावू नका. पाहुण्यांना असं सुनावणारं कुणी घरात असणं, हीच शहर जिवंत असल्याची खूण. चित्रानं गल्ली उजळते. ती नांदती ठेवायची, तर भाड्याचा आकडा आणि नकाशावरची रेघ यांचाच आधार लागतो, आणि त्या दोन्ही गोष्टी कुठल्याच फोटोत येत नाहीत.