घरी घेतलेल्या रक्ताची वाट

थायरॉइडची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते. त्यामुळे टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीसाठी निवडलेली लॅब एका रिपोर्टपुरती नसते, पुढच्या कित्येक वर्षांची असते. नाशिकमध्ये सिडको-इंदिरानगरपासून देवळाली कॅम्पपर्यंत घरी येऊन रक्त नेणाऱ्या खासगी लॅब मिळतात, आणि निवड बहुधा सवलतीचा आकडा पाहूनच उरकली जाते. टीएसएच मोजण्याची यंत्रे आणि पद्धती मात्र लॅबागणिक वेगळ्या, नॉर्मल रेंजही वेगळी. मागच्या खेपेला एकीकडे 4.1 आणि यंदा दुसरीकडे 4.9 आले, तर फरक ग्रंथीचा की यंत्राचा, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. दरवेळी स्वस्तातली लॅब शोधणारा शे-दीडशे रुपये वाचवतो आणि तुलना गमावतो.

लॅबची पारख रिपोर्टच्या तळापासून करावी. तिथे सही कोणाची आहे? पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्राने 2010 चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, म्हणून ही खातरजमा ग्राहकाने स्वतः केलेली बरी. लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या ‘एनएबीएल’ या मंडळाची मान्यता आयएसओ 15189 या मानकानुसार मिळते. ती ऐच्छिक असते आणि चाचणीवार दिली जाते. म्हणून मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत टीएसएच आहे का, हे पाहावे लागते. कलेक्शन सेंटरच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पुष्कळदा दूरच्या मुख्य लॅबचे असते.

दूरच्या लॅबला बिचकण्याचे मात्र फारसे कारण नाही. थायरोकेअर ही कंपनी 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली तीच थायरॉइडच्या चाचण्यांपासून. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी गावोगावचे नमुने एका मध्यवर्ती लॅबमध्ये आणून दर खाली आणले. हे जमले याचे एक कारण म्हणजे थायरॉइडच्या चाचण्यांत मोजली जाणारी संप्रेरके तशी चिवट असतात. वेगळे काढलेले सीरम थंड राहिले तर कसारा घाट उतरून जाण्याने टीएसएच बिघडत नाही.

खरी जोखीम घरातल्या पाच मिनिटांत असते. टेक्निशियन दंडाला पट्टा बांधतो, शीर चाचपतो, सीलबंद सुई फोडतो आणि पिवळ्या झाकणाच्या जेलच्या नळीत रक्त घेतो. नाव, वय आणि वेळेचे लेबल तिथेच, रुग्णासमोर चिकटवले गेले पाहिजे. कोऱ्या नळ्या खिशात टाकून ‘खाली गाडीवर लिहितो’ म्हणणाऱ्याला थांबवावे. अदलाबदल झालेली नळी कोणतेही यंत्र ओळखत नाही. पुढे रक्त गोठायला साधारण अर्धा तास लागतो, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे होते. म्हणून एप्रिलच्या उन्हात ही नळी पेटीत किती वेळ फिरणार आणि फिरवणार कुठे, हे फोनवरच विचारावे. सरळ उत्तर न देणारी लॅब तिथेच सोडावी.

वेळही ठरलेली हवी. टीएसएच रात्री चढते आणि दुपारी उतरते. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी सातपूरची पहिली पाळी सुटल्यावर दुपारी रक्त दिले, तर त्या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. त्या दिवशीची गोळी शक्यतो रक्त दिल्यावर घ्यावी, कारण गोळीनंतरचे काही तास फ्री टी4 हे संप्रेरक वाढलेले दिसते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या तर काही यंत्रांना चक्क फसवतात: टीएसएच खोटे कमी, टी4 खोटे जास्त. त्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात. चांगली लॅब हे बुकिंगच्या वेळीच विचारते.

राहिले पॅकेज. साठ-सत्तर चाचण्यांचा गठ्ठा स्वस्त दिसतो, पण गोळी चालू असलेल्या हायपोथायरॉइडच्या रुग्णाला बहुधा टीएसएच, फार तर फ्री टी4 पुरते. पॅकेजमधले टी3-टी4 अनेकदा ‘टोटल’ असतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा गरोदरपणात ते आपोआप वाढतात. गरोदरपणी टीएसएचची रेंजही निराळी असते. म्हणून गरोदर असल्याची नोंद फॉर्मवर आवर्जून करावी. डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी टीएसएच नव्या डोसशी जुळलेले नसते, त्यामुळे मधल्या काळात आलेली सवलत कितीही मोठी असली तरी ती सोडून द्यावी.