बुजगावण्याचे दात

बुजगावण्याच्या डोक्याला तडा गेलेलं मडकं लागतं. धड मडकं त्यासाठी कोणी देत नाही. पाणी गळायला लागलं की मगच ही बढती मिळते. चुलीतल्या कोळशाची पूड तेलात कालवून ते काळंभोर करायचं, वाळलं की चुन्यात बोट बुडवून डोळे काढायचे. डोळे जमतात. गाडी अडते ती दातांपाशी. एकेक दात बोटाने ओढता ओढता ओळ कडेला वर चढते आणि भीती दाखवायला बसवलेलं मडकं हसायला लागतं. धारणीकडच्या शेतांत मी पाहिलेली बहुतेक बुजगावणी अशीच हसरी.

धड बांबूचं. मेळघाटात त्याला तोटा नाही. एक उभा, एक आडवा, सुतळीने आवळलेले. वर सदरा, सदऱ्यात ठासून कुटार. आता सदरा घरातल्याच कोणाचा तरी असणार. संध्याकाळी बांधावरून पाहावं तर आबाजीच हात पसरून उभे आहेत असं वाटतं, आणि घरचं कुत्रं शेपूट हलवत तिकडे धावतं.

पाखरं काही दिवस फसतात. रानडुक्कर फसत नाही. त्याच्यासाठी शेताभोवती जुन्या नायलॉनच्या साड्या ताणून बांधतात, दारूच्या रिकाम्या बाटलीत खिळा लटकवतात, वाऱ्याने तो किणकिणत राहतो. कॅसेटचा जमाना संपला तेव्हा तिच्यातली फीत काठ्यांना ताणून बांधलेलीही मी पाहिली आहे. वारा सुटला की ती भणभणायची. एवढं करून जागल चुकत नाहीच. मचाणावर बसायचं, डबा बडवायचा, ओरडायचं. घरातली सगळी अडगळ पीक राखायच्या दिवसांत शेतावर नोकरीला असते म्हणा ना.

अशा ऐन दिवसांत पुण्याच्या भाचीचा फोन आला. सोसायटीत 31 ऑक्टोबरला हॅलोविन आहे. "मामा, घरच्या घरी काहीतरी भयानक सुचव ना!" तिच्या मुलाने बाजारातला प्लॅस्टिकचा सांगाडा मागितला होता. परक्या सणाचं थेर म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. आपल्याकडेही नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत 1880 च्या दशकापासून निघते, गावाची इडापिडा घेऊन जाते, शेवटी जाळली जाते. भीतीला तोंड-हात काढून रस्त्यावरून मिरवायची हौस आपल्यालाही आहे. माझा राग त्या सांगाड्यावर. त्याचे सगळे दात सरळ. त्याच्या अंगात कोणाचाच सदरा नाही.

म्हणून मी फोनवरच शिकवणी घेतली. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधले तीन खळगे ओळीने कापायचे. मधलं डोकं, दोन बाजूंचे पंख. पंखांच्या कडा कात्रीने कुरतडून काळा रंग दिला की वटवाघूळ. भुतासाठी पातळ पांढरा पंचा घट्ट कांजीत बुडवायचा, पातेल्यावर ठेवलेल्या फुग्यावरून सोडायचा. रात्रभरात तो कडक होतो. फुगा फोडा, पातेलं काढा, भूत आपल्या पायावर उभं. डोळ्यांना काळ्या कागदाच्या टिकल्या.

दिव्यासाठी कोरायच्या कोहळ्यावरून, म्हणजे लाल भोपळ्यावरून, मात्र माझी बहीण मध्ये पडली. आयर्लंड-स्कॉटलंडात हे दिवे मूळचे सलगमाचे. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मोठा आणि पोखरायला सोपा सापडला. हे सगळं मी सांगत होतो आणि ती मागून विचारत होती, "अन् गर फेकता का काय?" गराची गूळ घालून बोंडं होतील, बिया वाळवून सोलता येतील, या अटीवर तिने सुरी दिली. कोरलेलं कोहळं दोन-तीन दिवसांत आतून बुरशी धरतं, तेव्हा आदल्या संध्याकाळीच कोरा, एवढं मी बजावलं.

नंतर फोटो आला. कोहळ्याखाली झाडूची काठी, काठीला जावयाचा ऑफिसचा निळा शर्ट, खिशात पेनसुद्धा. खालचे दात कोरताना सुरी घसरली होती, त्यामुळे चेहरा जरा ओशाळलेला. पोराला तो पसंत नव्हता. "आजोबा, ह्याला कोणीच घाबरलं नाही," म्हणाला. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे रात्री खरंच डुकरं येतात का? अस्वल? दिवाळीत धारणीला ये, मचाणावर जागलीला नेतो, डबा तू वाजव, असं मी कबूल केलं आहे. त्याच्या आईला आम्ही दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.