अळी आली नाही, नोकरी गेली

आमच्या भागातला एक पोरगा, कृषी पदविका झालेला, गेल्या जूनमध्ये एका औषध कंपनीत लागला. सहा महिने कच्ची नोकरी. चाळीस गावे, बारा दुकाने आणि हंगामाचे टार्गेट. टार्गेट ठरले मागच्या सालच्या विक्रीवर. मागच्या साली बोंडअळी होती, हे कागदात कुठे लिहिलेले नसते.

सप्टेंबरात तो बांधावर भेटला. म्हणाला, "साहेब, कामगंध सापळ्यात दोन-तीनच पतंग लागतात. फवारा मारा म्हणून कसं सांगू?"

लागोपाठ तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीवर फवारा घ्यावा, ही शिफारस मीच गावोगाव सांगत आलो. म्हणालो, "मग सांगू नकोस."

शेतकऱ्यांचे पैसे वाचले. दुकानदारांनी पडून राहिलेला माल परत धाडला. तो पोराच्या विक्रीतून वजा झाला. डिसेंबरात चार ओळींचे पत्र आले.

नव्या माणसाला पारखून घ्यावे, त्याला ना नाही. पण सल्ला बरोबर होता का, हे कोणी विचारलेच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. तरी मोजायच्या त्या बाटल्याच!

आमच्या खात्यातही लक्ष्यांक असतो. हुकला तर बैठकीत वरिष्ठ बोलतात, पगार थांबत नाही. त्याला 'सांगू नकोस' म्हणणे मला सोपे होते.

परवा तो वडिलांबरोबर कापूस वेचताना दिसला. मला पाहून बांधावर आला, पाणी विचारले.