पातळ साल

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घरी एका जुन्या विद्यार्थिनीने फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली लाल वाइन आणली. नाशिकच्या गडद, मसालेदार शिराझची माझ्या जिभेला सवय. ही इतकी पारदर्शक, की पेल्याआडची बोटे दिसावीत. ‘पांचट आहे,’ मी म्हणालो. ती हसली. ‘सर, माझ्या कवितांनाही तुम्ही हाच शब्द वापरला होता.’

मग तीच सांगू लागली. पिनो न्वार या द्राक्षाचा रस बिनरंगी असतो. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, आणि याची साल पातळ. ती फार रगडली तर कडवटपणा येतो, म्हणून रस आंबत असताना वर तरंगणारी साले हलक्या हाताने त्यात बुडवतात. नाशिकच्या उष्ण हवेत वेल झोपत नाही, वर्षाला दोनदा छाटावी लागते. पिनोला थंड हवेत सावकाश पिकणे मानवते.

दुसरा घोट मी तोंडात धरून ठेवला. बदलापूरच्या जांभळाची आठवण देणारी तुरट कड जाणवली. मागाहून ओल्या मातीचा गंध आला. पहिल्या घोटाला घाई झाली होती ती मला.

त्या कविता आता कुठे आहेत, हे विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही.