दाब मर्यादेत, तरी काचबिंदू

प्रिय दादा,


तुझं पत्र मिळालं. डोळ्यांचा दाब १७, म्हणजे १० ते २१ च्या मर्यादेत, मग काचबिंदू निघालाच कसा, असं तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे. तपासणी चुकलेली नाही. दाब मर्यादेत असूनही काचबिंदू होतो, आणि नुसत्या आकड्यावर विसंबलं की तो निसटून जातो.

काचबिंदूत झिजते ती डोळ्याची नस. तिच्यात साधारण बारा लाख तंतू असतात, आणि डोळ्यातून बाहेर पडताना त्यांना अगदी बारीक धमन्यांतून रक्त मिळतं. रक्तदाब ते रक्त आत ढकलतो, डोळ्याचा दाब त्याला अडवतो. या दोहोंत जो फरक उरतो, त्यावर तंतूंचं पोषण चालतं. बागेत ठिबक सोडल्यावर तू मोटरपाशी थांबत नाहीस, नळीच्या टोकाच्या वेलीला पाणी पोचतंय का ते बघतोस. इथेही टोकाशी काय पोचतं तेच महत्त्वाचं.

आता तुझं बीपी बघ: १६८/६२. वरचा आकडा चढलेला, खालचा उतरलेला. उतारवयात ही बहुधा ताठरलेल्या धमन्यांची खूण असते. लवचीक महाधमनी ठोक्यासरशी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढे सारत राहते. ती ताठरली की ठोक्याचा जोर वरच्या आकड्यात दिसतो आणि मधल्या वेळेतला दाब घसरतो. ६२ मधून १७ वजा कर, उरले ४५. झोपेत बहुतेकांचं बीपी आणखी उतरतं. खालचा आकडा ५० वर आला, तर हाती राहिले ३३. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत हा फरक ३० च्या खाली असलेल्यांमध्ये काचबिंदूचं प्रमाण सुमारे सहापट आढळलं होतं. मूळचे पंजाबचे आणि पुढे आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहन सिंग हेरे यांनी १९९४ मध्ये रात्रीच्या या घसरणीकडेच बोट दाखवलं. बीपीच्या गोळ्यांनी ती अधिक खोल जाऊ शकते, हेही त्यांनी मांडलं.

पण ‘धमन्या कडक, म्हणजे काचबिंदू होणारच’ असं मनात घेऊ नकोस. रॉटरडॅममधल्या मोठ्या अभ्यासात धमन्यांत साचलेल्या थरांचा काचबिंदूशी ठळक संबंध दिसला नाही. तो निष्कर्ष २००६ चा. थर साचणं वेगळं आणि भिंतीची लवचीकता जाणं वेगळं, शिवाय वय, आनुवंशिकता आणि डोळ्याचा दाब यांचं वजन मोठं आहेच. सिद्ध झालेला उपाय आजही एकच, डोळ्याचा दाब उतरवणं. तुझा १७ सुद्धा तुझ्या नसेला जास्त आहे, म्हणून थेंब दिलेत. बरं वाटतंय म्हणून ते चुकवू नकोस. गेलेले तंतू परत येत नाहीत.

माझं मागणं एवढंच, की तुझ्या दोन फायली एक होऊ देत. हृदयाच्या डॉक्टरांना काचबिंदूचं सांग, डोळ्यांच्या डॉक्टरांना बीपीच्या सगळ्या गोळ्या दाखव. झोपताना घ्यायची गोळी कुठली आणि ती सकाळी चालेल का, हे विचार. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करायची नाही, कारण मेंदूला आणि हृदयाला तिची गरज आहे. चोवीस तास बीपी मोजणारा पट्टा लावून घेता येईल का, तेही विचार. तंबाखू सोड आणि चालणं वाढव, म्हणजे धमन्यांना आधार मिळेल.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पाहणीत काचबिंदू असलेल्या दहातल्या नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता. दुखत नाही, समोरचं दिसत राहतं आणि कडेची नजर हळूहळू जाते. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असला की धोका कैक पटींनी वाढतो. मी माझे डोळे तपासून घेतले आहेत. तुझी दोन्ही मुलंही चाळिशीत आली आहेत. दाबाबरोबर नसेचीही तपासणी करा, असं त्यांना आवर्जून सांगायला लाव. वहिनींना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे दिवाळीपर्यंत ढकललं जाणार नाही.

तुझी,
धाकटी