दोन माणसांची गाडी, चार माणसांची चर्चा

मला गाड्यांचं वेड नाही, रबराचं आहे. माझी सगळी नोकरी झाली ती चिंचवडच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या दारांची रबरं बनवण्यात. दार लावल्यावर पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये जी काळी, पोकळ पट्टी दबते ना, ती. एरवी तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. जातं तेव्हा पाऊस आत आलेला असतो आणि शिव्या आम्हाला बसत असतात.

त्यामुळे भाच्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. "मामा, दोन कन्व्हर्टिबल बघून ठेवल्यात. इंजिनाचं मी बघतो, तू फक्त छप्पर बघ."

पहिली होती २०१३ची मर्सिडीज एसएलके ३५०. राखाडी रंगाची, प्रभात रोडवरच्या एका डॉक्टरांची, धातूचं घडीचं छप्पर असलेली. दुसरी २०२०ची बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय. लाल, कापडी छपराची, बाणेरच्या एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात उभी. दोन्ही दोन आसनी, दोन्हींत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. कागदावर सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा.

पुण्यात मर्सिडीज बनते याचा आपल्याकडे फार अभिमान. १९९५ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात झाली आणि २००९ला चाकणचा स्वतंत्र कारखाना आला, हे सगळं खरं. पण एसएलके कधी चाकणला बनली नाही. ती जर्मनीतल्या ब्रेमेनहून अख्खी आली. झेड४ तर बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या कारखान्यातही बनली नाही, ती ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना श्टायरकडे तयार झाली, टोयोटाच्या सुप्रासोबत. अख्खी गाडी बोटीतून आणली आणि तिची किंमत ४० हजार डॉलरच्या वर गेली की शंभर टक्के आयात कर, असा हिशेब कितीतरी वर्षं होता. २०१९ला ही झेड४ भारतात आली तेव्हा एम४०आयची शोरूमची किंमत ७८ लाख ९० हजार होती. म्हणून भाचा जुन्याच्या मागे. बहीण मात्र ठाम होती. "उघडीच हवी तर थार घे, कापडी छपराचीसुद्धा मिळते. नाशिकला बनते आणि मागे आईला बसवता येतं."

तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तसा आपल्याकडे देशी रोडस्टरही होऊन गेला, सॅन स्टॉर्म. फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसी इंजिन. रस्त्यात दिसली की लोक वळून बघायचे आणि पुन्हा आपली मारुती घ्यायला जायचे.

डॉक्टरांच्या पार्किंगमध्ये आधी एसएलके बघितली. बटण दाबलं की डिकीचं झाकण उलट्या बाजूने, म्हणजे मागे उघडतं. छप्पर मधून मोडतं, तुकडे एकमेकांवर बसतात, सगळा गठ्ठा डिकीत उतरतो आणि झाकण बंद. वीस सेकंदांच्या आत काम आटोपतं. आतून हायड्रॉलिक पंपाचा घूं असा आवाज येत असतो. डिकीत एक ओढायचा पडदा आहे. तो जागेवर लावलेला नसेल तर छप्पर हलतच नाही, कारण त्याच्या खालची जागा सामानाची आणि वरची छपराची. बंद असताना डिकी ३३५ लिटर, उघडल्यावर २२५. डॉक्टर म्हणाले, "दोन बॅगा घेऊन महाबळेश्वरला गेलो की छप्पर लावूनच जातो." मी काही बोललो नाही, पण हे वाक्य डोक्यात राहिलं.

मग माझं काम सुरू केलं. या गाड्यांच्या दाराला वरची चौकट नसते, काच उघडीच उभी असते. दाराची मूठ ओढली की काच काही मिलिमीटर खाली सरकते आणि दार लागलं की पुन्हा वर चढून रबरात रुतते. ते रुतणं बघण्यासाठी मी दहाची नोट वापरतो. काच आणि रबर यांच्यामध्ये नोट धरायची, दार लावायचं आणि ओढायची. नोट हिसका देऊन निघाली तर रबर जिवंत. सहज सरकली तर आमच्या भाषेत रबर 'बसलं'. म्हणजे दाबून दाबून ते चपटं झालं, पुन्हा फुगत नाही. पावसाळ्यात तिथूनच पाणी येणार. दारापाशी, पुढच्या काचेच्या कडेला, छपराचे दोन तुकडे मिळतात त्या सांध्यावर, सगळीकडे नोट फिरवली. अकरा वर्षांपेक्षा जुनी गाडी, पण रबर उत्तम. डॉक्टर दर पावसाळ्याआधी सिलिकॉनचं ग्रीस लावतात म्हणे. तिथे मला हा माणूस आवडला.

बाणेरला गाडी वेगळी आणि माणूसही वेगळा. दुकानातल्या पोराने न विचारता छप्पर उघडून दाखवलं. दहा सेकंद. कापड इंग्रजी झेडसारखं घडी होतं, पुढचा कडक भागच वरचं झाकण बनतो आणि डिकीला धक्कासुद्धा लागत नाही. डिकी २८१ लिटर, छप्पर वर असो की खाली. मुख्य म्हणजे ५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीत हे सगळं होतं. एसएलकेचं छप्पर हलवायचं तर गाडी उभी करावी लागते. नोटेची परीक्षा इथेही उत्तम गेली.

छप्पर डिकीत घालायची कल्पना पॅरिसच्या एका दंतवैद्याची. त्याचं नाव जॉर्ज पोलाँ. त्याने पेटंट काढलं, पूजोने ते घेतलं आणि १९३४ला पूजो ४०१ 'एक्लिप्स' बाजारात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या विरोधात हेरगिरी केली म्हणून १९४२ला त्याला गोळ्या घालून मारलं. नंतर फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात स्कायलायनर बनवून बघितली. पण ही चैन छोट्या गाडीत आणून जगभर लोकप्रिय केली ती १९९६च्या पहिल्या एसएलकेने. ते बघून सगळे मागे लागले. बीएमडब्ल्यूनेही २००९च्या झेड४ला धातूचंच छप्पर दिलं. आणि मग जो तो परत फिरला. २०१८च्या झेड४ला पुन्हा कापड आलं. मर्सिडीजने २०२०ला एसएलकेची वारसदार एसएलसी बंद केली. २०२१ला नवी एसएल आली तीही कापडाची, आणि छपराचं वजन २१ किलोंनी कमी झालं म्हणून मिरवत आली. हे वजन गाडीच्या सगळ्यात उंच भागातलं. वळणावर तेच नडतं. धातूच्या छपराच्या प्रत्येक सांध्याला वेगळं रबर लागतं, म्हणजे आमच्या धंद्याला ते बरं होतं. तरी अभियंता म्हणून मला परत कापडाकडे जाणंच पटतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी उजाडायच्या आत चांदणी चौकातून निघालो. माणसं चार आणि गाड्या दोन आसनी. डॉक्टर आणि मी एसएलकेत, भाचा आणि दुकानातला पोरगा झेड४मध्ये. दुकानदार त्याशिवाय किल्ली देईना. ठरलं असं की पौडला चहा घ्यायचा आणि तिथे माणसांची अदलाबदल करायची.

भुगावला गर्दी व्हायच्या आत पार झालो. पिरंगुटच्या घाटात डॉक्टरांनी गाडी बाजूला घेऊन छप्पर उघडलं. अंगावर गारठा आला आणि लगेच मानेवर गरम हवा. सीटच्या डोक्याच्या उशीखाली एक जाळी आहे, तिथून ती हवा मानेवर सोडतात. मर्सिडीजने ही सोय पहिल्यांदा २००४च्या एसएलकेत दिली. पुण्यात तिचा काय उपयोग, असं मी आदल्या दिवशी हसून विचारलं होतं. पण थंडीतल्या पहाटे मुळशीच्या रस्त्यावर ती खरंच कामाची. टाळू गार, कान गार आणि मान शेकत राहिलेली. डॉक्टर गाडी हाकत होते सत्तरच्या वेगाने, शांतपणे. साडेतीन लिटरचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती, टर्बो नाही. पाय दाबला की आवाज सावकाश चढत जातो, घाई नाही. खड्डा आला की गाडी तो गिळते. छप्पर लावलं तर ही बंद गाडी नाही हे सांगूनही कोणाला पटणार नाही. फक्त वाईट रस्त्यावर डोक्याच्या मागे कुठेतरी बारीक कुरकुर ऐकू येते. घडीच्या धातूच्या छपरात ती यायचीच, इतके सांधे एकमेकांवर घासतात.

पौडला पोह्यांच्या गाडीभोवती दोन्ही गाड्यांचे फोटो काढणारी पोरं जमली. एकाने मला विचारलं, "काका, मायलेज किती?" मी खरं ते सांगितलं, म्हणजे मला माहीत नाही. तो निराश होऊन लाल गाडीकडे गेला.

पुढे मी भाच्यासोबत झेड४मध्ये. बसताना गुडघे बोलले. ही गाडी एसएलकेपेक्षा रुंद आहे आणि आपण त्यात बसत नाही, उतरतो. तीन लिटरचं टर्बो इंजिन, ३४० अश्वशक्ती, आणि १६०० फेऱ्यांपासूनच ५०० न्यूटन मीटरचा ओढा. मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जाणारा रस्ता वळणांचा आहे. तिथे गाडी काय करते ते शब्दांत सांगणं मला जमायचं नाही. चाकाखालची खडी हातापर्यंत कळत होती एवढं सांगतो. भाच्याने एका वळणात जरा जास्तच पाय दिला आणि मागचं चाक कणभर घसरून परत ओळीत आलं. मी दाराची मूठ धरली. तो हसत होता. तेव्हाच मला कळलं की कुठली गाडी घरी येणार. छपराचं मत विचारणं हा नुसता शिष्टाचार होता.

तरी माझं मत काय होतं ते सांगायलाच हवं, कारण ते येताना तयार झालं. आठ वाजून गेले होते. भुकूमपासून पुढे डंपर, टेम्पो, एसटी, लग्नाला निघालेल्या जीपा. आमच्या पुढे धूर सोडणारा टँकर. भाच्याने चालता चालता बटण दाबलं, दहा सेकंदांत छप्पर वर. टँकर वळून गेला, दहा सेकंदांत पुन्हा खाली. आरशात मला मागची एसएलके दिसत होती. डॉक्टरांनी धुळीत छप्पर लावलं ते लावलंच. त्यांना पुन्हा उघडायचं तर गाडी कडेला घ्यावी लागली असती, आणि त्या रस्त्याला कडा कुठे आहे! दुकानातला पोरगा शेजारी एसीत मान मागे टाकून झोपलेला.

पुण्यात उघडी गाडी खरी चालते ती सकाळी साडेपाच ते साडेसात, आणि तीही दिवाळी ते होळीच्या मधल्या काळात. बाकी वेळी ऊन, धूळ, धूर आणि सिग्नलला शेजारच्या पीएमटीतून आपल्या डोक्यावर बघणारे साठ डोळे. पीएमटीची पीएमपी कधीच झाली, तोंडात मात्र जुनंच नाव. अशा गावात जे छप्पर आधी थांबा, पडदा लावा, बॅगा काढा असं सांगतं, ते उघडलं जात नाही. डॉक्टरांचं महाबळेश्वरचं वाक्य तेच होतं. धातूचं छप्पर इतकं चांगलं बंद होतं की माणूस ते बंदच ठेवतो. उलट कापडी छप्पर आवाज आत घेतं, पावसात त्याच्यावर तडतड होते, आणि मांजराने नख मारलं की फाटलं. विलायती शिरीषाखाली लावली तर डिंकाचे डाग पडतात आणि कापडावरचे ते निघत नाहीत. इमारतीखाली बंद पार्किंग नसेल तर मी कोणालाही सांगेन, एसएलके घे आणि सुखाने झोप. भाच्याकडे तळघरात पार्किंग आहे. मग छप्पर जेवढं जास्त वेळा खाली जाईल तेवढी गाडी वसूल. बाकी मला कोणी फुकट दिली तर मी एसएलकेच घेईन. मान शेकते, आणि उतरताना गुडघे कमी दुखतात.

मी हे सगळं सांगितलं. भाच्याने झेड४ घेतली. ती गाडी जमिनीपासून ११४ मिलिमीटरच वर आहे. सोसायटीचा तळघरातला रॅम्प जिथे सुरू होतो तिथे एक धारदार कडा आहे. पहिल्याच दिवशी पुढचा भाग खरवडला. आता तो गाडी तिरकी करून, एक चाक आधी चढवून आत घेतो आणि वॉचमन दोन्ही हातांनी इशारे करत उभा असतो. रॅम्पच्या तोंडाला सिमेंटचा उतार करून द्यावा असा अर्ज त्याने कमिटीला दिला आहे, खर्च स्वतः करायला तयार आहे. चेअरमनसाहेबांनी विषयपत्रिकेवर घेतला, आणि सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की उताराचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात गेलं तर जबाबदारी कोणाची. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. पाण्याचा प्रश्न आहे म्हणून मला बोलावलंय.